शून्य बिल आणि वानराची भाकरी

३ फेब्रुवारी, सोमवार

पश्चिमेची भिंत छातीपर्यंत आली. हुसेनभाई गवंडी हाताला सरळ, तोंडाला वाकडा. म्हणतो, "सर, एका भिंतीचं काम दोन भिंतींनी कशापायी? आन् मधी ही वीतभर बोळ. उंदरांची सोय केली का?"

उंदरांची नाही, हवेची. मधे हवा कोंडली की दुपारचं ऊन आत पोचायला संध्याकाळ होते. बत्तीस वर्षं आठवीला उष्णतेचं वहन शिकवलं, याला पाच मिनिटांत शिकवलं. सगळं ऐकून म्हणाला, "आमच्या आज्यानं तुमची मातीची भिंत बांधलेली, अडीच हात रुंद. तीच पाडली न्हवं तुमी, स्लॅब टाकाया?"

पाडली. पंचवीस वर्षांपूर्वी. सोनारीत स्लॅबचं पहिलं घर माझं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात तव्यावर झोपल्यासारखं होतं तेही खरं. हा मुद्दा इथं नोंदवला आणि संपवला.

५ फेब्रु., बुध.

चावडीवर चौकशी. "सर, आता बिल येणारच न्हाय म्हणं?" समजावलं. वर्षाकाठी घरानं तारेतून जितकी वीज घेतली तितकी छतावरून परत द्यायची. भिंती अशा बांधायच्या की मुळात वीज लागावीच थोडी. घेतलेलं आणि दिलेलं सारखं. "म्हंजी फुकट," असं म्हणून एकानं तंबाखू झटकली, बाकीच्यांनी माना डोलावल्या. गाढवाला गुळाची चव काय!

हेच लोक दिवाळीत मेलेल्या माकडाच्या तेराव्याची वर्गणी मागायला गुरवासकट माझ्या दारात आले होते. हाकलून लावलं होतं. त्याचा राग अजून आहे असं दिसतं.

७ फेब्रु., शुक्र.

आक्काशी भांडण. थोरली बहीण, त्यात आई गेल्यावर मला अंघोळ घालून शाळेत पाठवलेली. वादात जिंकायचं कसं?

विषय जिना. दगडी जिना आणि त्यावरची खोली दक्षिणेला. सावली बरोबर पॅनलवर पडणार. म्हणून जिना पाडायचा, उत्तरेला लोखंडी शिडी लावायची. आक्का म्हणाली, "मग म्या वर कशी जाऊ?"

"कशाला जायचंय?"

"भाकर ठिवाया."

झालं. पहिली चानकी भैरोबाच्या देवळातल्या वानराची. तव्यावरची पहिली, तळहाताएवढी भाकरी, वर गुळाचा खडा, गच्चीवर ठेवायची. वानरानं उचलली की मग आक्का अन्न तोंडाला लावणार. नवरा गेल्यावर माहेरी परत आली तेव्हा आईनं हे एक काम तिला दिलं. आईला जाऊन पन्नास वर्षं झाली, काम चालूच आहे. भावकी, विज्ञान, गुडघे, कशाचाही परिणाम नाही.

"मी नेऊन ठेवीन," म्हणालो.

"रोज?"

"रोज."

"वानरानं घेतली का न्हाय ते बगून सांगशील? ठिवून पळून येशील."

बत्तीस वर्षं निरीक्षण शिकवलेल्या माणसाला हे विचारते. शब्द दिला.

१६ फेब्रु., रवि.

पॅनल आली. सहा. बरोबर कुर्डुवाडीचा सोलरवाला. (यापुढं सो.वा. पूर्ण शब्दाची त्याची लायकी नाही.) चार बोटांत चार अंगठ्या, आणलेले नट बोल्टला बसेनात. विचारतो काय, "सर, पॅनल रस्त्याकडं तोंड करून बसवू का? येनाऱ्या-जानाऱ्याला दिसतील." रस्ता उत्तरेला आहे. सूर्य दक्षिणेकडून जातो हे याला कुणी सांगितलेलं नाही आणि हा गावोगाव ऊन विकत फिरतो! वर म्हणे इन्व्हर्टर आग्नेयेला पाहिजे, वास्तू आहे. इन्व्हर्टर सावलीत पाहिजे. उत्तरेच्या भिंतीवर बसवून घेतला.

आक्कानं इन्व्हर्टरला काळी बाहुली बांधली. मी काढली. तिनं परत बांधली. राहू दिली. आक्काला घाबरून नाही, वेळ नव्हता.

१९ फेब्रु., बुध.

स्वयंपाकघरात विजेची शेगडी आणली. आक्कानं त्यावर ज्वारीची भाकरी टाकली. फुगली नाही. दुसरी टाकली. तीही नाही. "ह्याला जाळ कुठं हाय? भाकरीला जाळ दिसाया पायजे," म्हणाली आणि परसातल्या चुलीकडं गेली. चूल शून्याच्या हिशेबात धरायची की नाही? पुस्तकात याचं उत्तर नाही. पुस्तक लिहिणाऱ्यानं ज्वारी खाल्लेली नाही.

मला काय फरक पडतो म्हणा. सकाळी माझे ओट्स. आठ वर्षं झाली शुगर काबूत आहे, गुळाकडं बघत नाही, भाकरी रात्री अर्धी. आक्का ओट्सला घोड्याचा चारा म्हणते.

२४ फेब्रु., सोम.

स. ८॥. चानकी घेऊन वर गेलो. पॅनलवर चौदा माकडं. काच कोवळ्या उन्हात तापते आणि वरून खाली उतार, पिल्लांना घसरगुंडीच मिळाली. एक मोठा नर तर पंगतीला बसल्यासारखा मांडी घालून. वीज अर्धीसुद्धा तयार होईना. एकीनं चानकी उचलली, गूळ आधी खाल्ला.

खाली येऊन तक्रार केली. आक्का खूश. "त्यांनला बी आवडलं म्हण की तुझं सोलर!"

२ मार्च, रवि.

रविवार, भैरोबाचा वार. भाविकांची गर्दी, नारळांचा ढीग. आणि कोण्या पुण्यवान माणसानं माकडाच्या हातात अख्खा नारळ दिला. माकडाला नारळ फोडायला टणक जागा पाहिजे. गावात तीनशे दगड असतील. त्याला माझं तिसऱ्या नंबरचं पॅनल सापडलं. काचेवर मधोमध चांदणी.

भाविकाला शोधून बोललो. तो हात जोडून म्हणाला, "सर, देवानं तुमच्याच घरावर नारळ फोडला. नशीब लागतं."

४ मार्च, मंगळ.

सो.वा.ला फोन. माकडांचं काय करायचं? म्हणाला, वाघ ठेवा. कापसाचा वाघ, यात्रेत मिळतो तसला. त्याच्याकडं आहेत. म्हणजे हा माणूस पॅनलबरोबर वाघ पण विकतो.

७ मार्च, शुक्र.

वाघ मंगळवारी संध्याकाळी आला, गुरुवारी दुपारी गेला. एक कान पाण्याच्या टाकीवर, शेपूट गुरवाच्या अंगणात, कापूस गावभर. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. उद्यापासून गोफण.

१२ मार्च, बुध.

पाच दिवस गोफण चालवली. नेम धरून एकही मारला नाही, नुसता आवाज. (एक लागला. नोंदवतो, कारण खोटं लिहीत नाही.) माकडं गुरवाच्या पत्र्यावर जाऊन बसली. आक्का माझ्याशी बोलत नाही. चानकी मात्र अजून उचलतात, मी खाली उतरल्यावर.

हे कायमचं चालणार नाही. पूर्ण गच्चीला जाळी मारायची. वरून, बाजूनं, सगळीकडून. सावलीचा हिशेब केला, किरकोळ आहे.

१६ मार्च, रवि.

जाळी झाली. हुसेनभाईनं अँगल रोवले, तारा ताणल्या, कोयंडा लावला, आत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माकडं बाहीर आन् आपुन पिंजऱ्यात." त्याच्या विनोदाला हसलो नाही. काम पक्कं केलंय. फुटलेलं पॅनल पण बदललं. इन्व्हर्टरवर आकडा कधी नव्हे तो वर गेला. बाहेर ३८, आतल्या खोलीत ३१, पंखा एकवर. बत्तीस वर्षांत फळ्यावर सांगितलेलं पहिल्यांदा भिंतीत उतरलं. मनापासून आनंद झाला, लिहायला हरकत नाही.

१७ मार्च, सोम.

चानकी कुठं ठेवायची हा प्रश्न. जाळीच्या आत अर्थ नाही. कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. कुत्र्यानं खाल्ली. आक्काला सांगितलं, गेली म्हणून.

"कुणी घेतली?"

"कुत्र्यानं."

"कुत्र्याची भाकर येगळी असती. संध्याकाळची."

जेवली नाही. दुपारी दोनला परत एक चानकी भाजून दिली. भिंतीवर ठेवून झाडाआड उभा राहिलो. माकडं गुरवाच्या पत्र्यावरून बघतात, येत नाहीत. गोफणीचं विसरली नाहीत. एवढी स्मरणशक्ती नववीच्या वर्गात असती तर!

संध्याकाळी आक्का म्हणाली, "आज त्यांचा उपास असंल. माजा बी." आणि आडवी झाली.

१८ मार्च, मंगळ.

आज पण नाही. जाळीला तारेनं चानकी अडकवली, बाहेरून हात घालून घेतील म्हणून. आली नाहीत. मुंग्या आल्या. आक्का चहावर. मी म्हणालो, "आक्का, हे अडाणीपण झालं. देव उपाशी राहा म्हणतो का?" म्हणाली, "देव काय म्हणतो ते मला न्हाय ठावं. म्या आईला शबूद दिलाय."

चौथीपर्यंत शिकलेली बाई आणि तत्त्वाला माझ्यापेक्षा पक्की. चीड येते.

१९ मार्च, बुध.

तेच. गुरवाच्या पत्र्यावर टाकायला मी गुरवाकडं जावं का? नाही. दिवाळीत ज्याला हाकललं त्याच्या दारात आता चानकी घेऊन? जाणार नाही. आक्काला उचलून मंदिरात नेतो म्हणालो. "आपल्या घरावरनं द्यायची असती. मंदिरात समदंच देत्यात."

२० मार्च, गुरु.

स. ११. आक्का परसात पडली. चुलीजवळ. हात भाजला थोडा. रिक्षात घालून परंड्याला दवाखाना. डॉक्टर माझ्यावरच घसरले. बीपीची गोळी रिकाम्या पोटी, तीन दिवस नुसता चहा, घरात कुणी लक्ष देतं का नाही? "शिकलेले दिसता," म्हणाले. बत्तीस वर्षांत मला कुणी असं बोललं नाही. ऐकून घेतलं.

येताना रिक्षात तिचा हात माझ्या हातात होता. एवढा हलका कधी झाला कळलं नाही.

घर थंड आहे. इन्व्हर्टर हिरवा दिवा दाखवतोय. सगळं बरोबर चाललंय.

२१ मार्च, शुक्र.

स. ८. भाजलेल्या हातानंच चानकी केली. गुळाचा खडा ठेवून माझ्या हातात दिली. वर गेलो, जाळीच्या आत पंधरा मिनिटं उभा राहिलो. समोर गुरवाच्या पत्र्यावर सगळी टोळी, माझ्याकडं पाठ करून. चानकी सदऱ्याच्या खिशात टाकली, खाली आलो. आक्का उंबऱ्यात बसून शिडीकडं बघत होती.

"घेतली?"

"घेतली."

उठून ताट वाढून घेतलं. दीड भाकरी खाल्ली.

न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण वहीत लिहिलं म्हणून मी पोरांच्या वह्या फाडल्यात. वर्गाबाहेर उभं केलंय. दुपारभर चानकी खिशात होती. शेवटी रात्री कंपाउंडबाहेर फेकली, मुंग्या लागल्या.

२२ मार्च, शनि.

आज पण. "घेतली?" "घेतली." "कुणी?" हे विचारेल असं वाटलं नव्हतं. घाबरून म्हणालो, "तुटक्या कानाचा होता एक. त्यानं." तिच्या बोलण्यात तो यायचा, तेवढंच आठवलं. आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरा हाय न्हवं त्यो?"

"चांगला आहे."

चानकीचं काय करायचं? फेकली तर मुंग्या, खिशात गुळाचा डाग. पॅनलखाली सावली असते. तिथं बसलो आणि खाल्ली. गुळासकट. अन्न वाया घालवणं अवैज्ञानिक आहे.

चुलीवरची होती. गूळ तर आठ वर्षांनी.

३० मार्च, रवि.

पाडवा. गुढी दारात, गच्चीवर जागा नाही. घेतलेली-दिलेली वीज मोजणारं नेट मीटर बसलं, ते बसवायला आलेल्या माणसानं तीन चहा घेतले आणि आक्काला सांगून गेला की मीटर उलटं फिरतं म्हणजे नजर लागू शकते. आक्कानं त्यालाही बाहुली बांधली. देशाचं अवघड आहे.

चानकी: घेतली. आज पुरणपोळीचा तुकडा पण होता. माकडांचं सणाला चांगलं चाललंय.

९ एप्रिल, बुध.

आक्का रोज विचारते. लंगडी आली का? तिच्या पोटाशी पिल्लू होतं का? केवढं झालं? उत्तरांत मेळ राहावा म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता केलाय. तुटका कान: सोम., गुरु. लंगडी: बाकी वार. पिल्लू: पाडव्याला पोटाशी, आता पाठीवर. वाढीचा वेग मागे-पुढे होऊ नये म्हणून तारखा टाकल्यात.

हुसेनभाई चुन्याचा हात मारायला आला होता, शिडीवरून त्यानं पाहिलं. पॅनलखाली मी, हातात भाकरी. ब्रश बुडवून पुढं चुना मारू लागला. त्याचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा वाईट.

२० एप्रिल, रवि.

यात्रा तोंडावर. गावात पाय ठेवायला जागा नाही. पाव्हणे घर बघायला येतात, आत आले की "आबाबा, गार हाय की!" म्हणतात आणि एसी कुठं लपवलाय ते शोधतात. एकानं पलंगाखाली वाकून बघितलं. पोकळ भिंतीवर थाप मारून विचारतात, आत बर्फ भरलाय का? एकानंही कसं केलं ते विचारलं नाही. बिल किती ते मात्र प्रत्येकानं विचारलं.

बाहेर ४१, आत ३३. दोन माणसांसाठी हे लिहून ठेवतो, एक मी आणि दुसरा अजून जन्मायचाय.

६ मे, मंगळ.

परंड्याला दर तीन महिन्यांची तपासणी. शुगर वाढली. बरीच. लॅबवाला गाढव, मशीन जुनं, रक्त घेताना फोनवर बोलत होता. आठ वर्षं मी ओट्स खातो. वाढेल कशी?

आक्कानं विचारलं, "काय निगालं?"

"वाढलीय म्हणतात. मशीन खराब आहे."

"आसं," म्हणाली.

७ मे, बुध.

चानकीवर गूळ नाही. लसणाची चटणी. आक्काचं वय झालं. तिला सांगणार होतो की माकडं तिखट खात नाहीत. सांगितलं नाही, तुला कसं कळलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं. गुळाचा डबा जाता जाता उघडून पाहिला, भरलेला आहे. म्हणजे विसरच.

चटणी चांगली होती. दाण्याचा कूट घातला होता.

१२ मे, सोम.

आज चानकी नव्हती, अख्खी भाकरी होती. वर मेथीची भाजी. म्हातारीचा अंदाज सुटला. आधी तळहाताएवढी, मग ताटलीएवढी. मी ओट्स निम्मे केले, जात नाहीत.

एक बरंय, आक्काची तब्येत सुधारली. दोन वेळा जेवते, परसात भेंडी लावली, माझ्यावर ओरडते. डॉक्टरला दाखवायला पाहिजे शिकलेला माणूस काय करतो ते. कसं केलं ते अर्थात सांगता येणार नाही.

२३ मे, शुक्र.

कारलं! वानराच्या भाकरीवर कारल्याची भाजी! भैरोबासुद्धा कोपेल. सोनारीच्या इतिहासात कुण्या माकडाला कारलं वाढलं नसेल. आक्काला भ्रम होतोय का? गेल्या आठवड्यात मला विचारलं, "वानर चालतंय का रं सकाळचं, का नुसतं बसून खातंय?" म्हणालो, फिरतात भरपूर. "फिराया पायजे," म्हणाली. परंड्याच्या डॉक्टरला विचारावं का, या वयात असं होतं का म्हणून?

कारलं खाल्लं. टाकणार कुठं.

२ जून, सोम.

दु. ४. हुसेनभाई शिडीला रंग द्यायला आला. चहा पिताना आक्का आतून म्हणाली, "बापू, आज कोण आलतं?" तक्ता पाठ आहे. सोमवार. "तुटका कान," म्हणालो. "बरं," म्हणाली आणि परसात गेली.

हुसेनभाईनं बशी खाली ठेवली. हळू आवाजात म्हणाला, "सर, तुटक्या कानाचं दिवाळीतच मेलं की. गाडीखाली आलं. गावानं माती दिली. तुमी परंड्याला गेलता त्या रोजी. आक्कांनी आपल्या लुगड्याचं फडकं दिलं त्येच्या अंगावर घालाया. म्या बी हुतो तितं."

दिवाळीत परंड्याला कधी गेलो होतो ते आठवू लागलो.

"तुमच्याकडं वर्गणी मागाया आलते न्हवं? त्येचंच तेरावं."

२२ मार्चचं पान काढून वाचलं. "बरा हाय न्हवं त्यो?" म्हणजे दुसऱ्याच दिवशी. दुसऱ्याच दिवशी तिला कळलं होतं. आणि ती अडीच महिने मला विचारत राहिली लंगडी आली का, पिल्लू केवढं झालं, आणि मी तक्ता बघून उत्तरं देत राहिलो. मी. निरीक्षण शिकवणारा. गावातलं सगळ्यात मोठं गाढव कुठं राहतं ते हुसेनभाईला माहीत होतं, आक्काला माहीत होतं. गार घरात राहतं.

३ जून, मंगळ.

स. ८. भाकरी घेतली, वर गेलो. खाता येईना. खाल्ली. खाली आलो.

"घेतली?"

"घेतली."

विचारायचं धाडस झालं नाही.

११ जून, बुध.

बिल आलं. वापरलेली आणि दिलेली वीज सारखी होऊन वर थोडी शिल्लक. शून्य. पाच महिने याच कागदासाठी भिंती दुहेरी केल्या, जिना पाडला, गाव अंगावर घेतलं. सो.वा.चा फोन आला, "सर, बिलासोबत तुमचा फोटो द्या, जाहिरातीला." ठेव म्हणालो फोन.

कागद हातात घेऊन परसात गेलो. आक्का चुलीपुढं बसलेली, तव्यावर भाकरी. बाजूला वाटीत कारलं. म्हणालो, "आक्का, शून्य आलं."

"बरं झालं."

"आक्का, वानराला कारलं कशापायी?"

मागं वळली नाही. भाकरी तव्यावरून काढून जाळापुढं उभी केली, ती टम्म फुगली.

"शुगर निगालीय न्हवं त्याला," म्हणाली.

मी तिथंच दगडावर बसलो. मग विचारलं, "आणि आईला दिलेला शब्द?"

"आईनं म्हटलं हुतं, ह्या घरावरनं कुणी उपाशी जाऊ ने. वानराचं नाव म्या घेतलं, त्या वक्ताला वानरंच यायची." मग म्हणाली, "तू घोड्याचा चारा खायचास. मला बगवत न्हवतं."

डोळ्यात धूर गेला. चुलीचा.

हुसेनभाईला सांगून ठेवलंय तिनंच. उद्या पक्कड घेऊन येतोय, जाळीला पूर्वेकडून हातभर खिडकी पाडायला. पाडली तर माकडं येणार, पॅनलवर बसणार, पुढचं बिल शून्य येणार नाही. नाही पाडली तर त्यांच्या वाट्याचं मी किती दिवस खायचं? गोफण विसरून ती येतील का तेही माहीत नाही. लंगडीचं पिल्लू आता खरंच केवढं झालं असेल कुणास ठाऊक.

आणि उद्या सकाळी ती भाकरी हातात देईल तेव्हा शिडी चढायची, का चुलीपाशीच बसून खायची, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.